मावळतीची भिंत

चीनमधील सुझोऊ शहरातली जी जुनी उद्याने 1997 साली आणि पुढे 2000 साली जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांच्यात रंग फारच थोडे आहेत. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, राखाडी-काळी कौले, काळपट तपकिरी लाकूडकाम आणि तळ्याचे हिरवट पाणी एवढाच त्यांचा ऐवज. बीजिंगच्या राजउद्यानांतली पिवळी चकचकीत कौले आणि चितारलेल्या तुळया येथे दिसत नाहीत, कारण ही उद्याने सम्राटांची नव्हेत, तर निवृत्त अधिकाऱ्यांची, विद्वानांची आणि व्यापाऱ्यांची होती. म्हणूनच मावळतीचा तिरपा उजेड येथे जितका उठून दिसतो, तितका तो रंगीत राजवाड्यावर दिसत नाही. जी चंग या मिंगकालीन उद्यानकाराने 1630च्या दशकातल्या आपल्या ‘युआनये’ या ग्रंथात पांढऱ्या भिंतीला कागद आणि तिच्यापुढच्या दगडाला चित्र मानले आहे. सूर्य खाली आला की त्या कागदावर बांबूच्या पानांची आणि नक्षीदार जाळीच्या खिडक्यांची सावली उमटते, ती लांबत जाते आणि भिंत आधी केशरी, मग गुलाबी, शेवटी निळसर होते.

या उद्यानांतल्या वास्तूंच्या छपराचे कोपरे वर उचललेले असतात, आणि मागून उजेड आला की कौले, खांब, जाळ्या हा सारा तपशील विझून केवळ तेवढी वळणदार रेषा आकाशावर उरते. हे वळण साधण्याच्या दक्षिण चीनमध्ये दोन रीती आहेत: एकीत कोपऱ्याचे लाकूडच वर वळवून बसवतात, त्यामुळे वळचणही तिथे उंच उचलली जाते, दुसरीत वळचण जवळजवळ सरळ राहते आणि फक्त कोपऱ्यावरची कौले-चुन्याची कड वर काढलेली असते. भर दुपारी हा फरक सहज ध्यानात येत नाही, छायाकृतीत मात्र तो लपत नाही. छपराचा भार खांब आणि तुळया पेलतात, भिंतीवर तो पडत नाही. त्यामुळे भिंतीत हवी तिथे गोल दारे आणि खिडक्या काढता आल्या, आणि छायाचित्रकाराला चौकट आयती मिळाली.

ज्वोजंग युआन, म्हणजे ‘विनम्र प्रशासकाचे उद्यान’, हे अशा आयत्या चौकटीचे सर्वांत ठळक उदाहरण. वांग शियनचन या अधिकाऱ्याने सोळाव्या शतकाच्या आरंभी ते उभारले आणि चित्रकार वन जंगमिंग याने 1533 साली त्याची एकतीस दृश्ये कवितांसह रंगवली. तळ्याच्या पूर्वेकडच्या चौकोनी मंडपाला चारही बाजूंनी पूर्ण गोल दारे आहेत, आणि त्या बाजूने पश्चिमेकडे पाहिले की पाण्यापलीकडे, झाडांच्या वर, उत्तर मंदिराचा नऊमजली मनोरा दिसतो. हा मनोरा उद्यानात नाही. तो शहरात बराच दूर उभा आहे. बाहेरची वस्तू अशी दृश्यात ओढून घेण्याच्या कलेला ‘जिएजिंग’, म्हणजे उसने घेतलेले दृश्य, म्हणतात. कॅमेरा लावण्याची जागा येथे उद्यानकाराने कधीच ठरवून ठेवली आहे, आणि छायाचित्रकाराने तीच शोधावी, नवी जागा शोधण्याचा हट्ट धरू नये, हे बरे.

वेळही ठरवून देण्याची चिनी परंपरा आहे. हांगजौच्या पश्चिम सरोवराच्या दहा प्रसिद्ध दृश्यांत ‘लेइफंग मनोऱ्यावरील मावळतीचा उजेड’ हे एक दृश्य दक्षिण सुंग काळापासून गणले जाते. तो मूळ मनोरा 25 सप्टेंबर 1924 रोजी कोसळला. त्याआधीची जी छायाचित्रे उरली, ती कृष्णधवल असल्याने ज्या उजेडासाठी मनोरा नावाजला होता, तोच नेमका त्यांत नाही. आज दिसणारा मनोरा 2002 साली उभा राहिला.

कॅमेऱ्याच्या काही सवयी येथे आड येतात. प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो, म्हणून पांढरी भिंत चौकटभर असली की तो तिला मळकट करतो आणि एक्सपोजर हाताने वाढवावे लागते. आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स मावळतीचा केशरीपणा दोष समजून पुसू पाहतो, तेव्हा तो दिवसाच्या उजेडावर कायम केलेला बरा. पाण्यावरची चकाकी काढणारा पोलरायझिंग फिल्टर तर येथे घातकच, कारण तो ज्या प्रतिबिंबासाठी तळे खोदले, तेच खोडून टाकू शकतो. आणि छपरांची टोके मावावीत म्हणून कॅमेरा वर झुकवला, की खांब एकमेकांकडे कलतात. दोन पावले मागे सरून कॅमेरा समतल धरणे केव्हाही चांगले.

एक अडचण मात्र कौशल्याने सुटत नाही. या उद्यानांची फाटके सहसा पाच-साडेपाचला बंद होतात आणि जूनमध्ये सुझोऊत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या प्रवाशाला आतली मावळती मिळतच नाही. डिसेंबरात सूर्यास्त पाचच्या आसपास होतो, पण तेव्हा सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला उतरतो आणि मनोऱ्याच्या मागे न जाता त्याच्या डावीकडे राहतो. मनोऱ्यामागचा सूर्यगोल सोडून भिंतीवरचा उजेड टिपायचा असेल, तर हिवाळ्यातच जावे.