गेल्या महिन्यातले माझे वाचन



आपल्या आहुप्याला वर्तमानपत्र एस.टी.बरोबर येते. कधी ते एक दिवस शिळे असते, तर कधी सामानाला गुंडाळून येते. शाळेच्या पेटीत मासिकांचे जुने अंकही आहेत. पावसाची झड लागली की घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, म्हणून गेल्या महिन्यात मी पुष्कळ वाचले. त्यातले तीन लेख ध्यानात राहिले.

पहिला शेकरूवर होता. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले, एवढे नवीन कळले. लेखकाला शेकरू दिसायला तीन दिवस लागले म्हणे! त्यांनी आपल्या देवराईत यायला हवे होते.

दुसरा लेख हुतात्मा बाबू गेनू यांच्यावर होता. ते आपल्याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणीत कामाला होते. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची मोटार अडवायला ते रस्त्यावर आडवे झाले. मोटार अंगावरून गेली. वय अवघे २२. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. आपल्या तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले ते आंबेगाव त्याच पाण्याखाली आहे, ही गोष्ट मात्र त्या लेखात नव्हती. ती मला आजोबांनी सांगितली.

तिसरा लेख माळीणचा. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसे गेली. फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाने पाहिले तर गाव जागेवर नव्हते. त्यानेच बाहेर खबर दिली. पुढे २०१७ साली आमडे येथे नवे माळीण वसवले. मी हा लेख घरी मोठ्याने वाचू लागले तर आजी म्हणाली, "हळू वाच." मग ती चुलीपाशी गेली आणि बराच वेळ बोललीच नाही.

डोंगर का खचला, यावर लेखात दोन मते होती. काही जण म्हणतात पाऊसच तसा मुसळधार झाला. काही जण उतारावर यंत्राने जमीन सपाट केली त्याकडे बोट दाखवतात. हे ऐकून आजी चुलीपासून बोलली, "पडकई आमी बी केली. पर हातानं, समदा गाव मिळून. दगडं रचून बांध घातला." बाबा म्हणाले, "आता एवढी माणसं कुठून आणायची? आणि खाचर नाही केलं तर भात लावायचा कुठं?" दोघांचेही मला पटले. लेख लिहिणाऱ्यांनी दोघांना विचारले असते तर लेख अजून चांगला झाला असता, असे मला वाटते.

त्याच लेखात एक चौकट होती. डोंगराला नव्या भेगा पडल्या, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, तर उताराखालच्या घरात थांबू नये, लगेच सुरक्षित जागी जावे, असे त्यात दिले आहे. गुरुजींना विचारून ती चौकट मी कापून या पानाच्या खाली डकवली आहे. पालकांनी ती जरूर वाचावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलांनी वाचून दाखवावी.

आमचे घर उताराखालीच आहे. आजोबा आता सकाळी गुरे सोडायला जातात तेव्हा वरच्या झऱ्यापर्यंत जाऊन येतात. काल रात्रभर पाऊस होता, तरी पाणी नितळ होते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी