जहाज थांबत नाही

आमचे घर रोह्याच्या अष्टमीत, खालाजान पेणला. अम्मीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबई गाठायची होती. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे. गाडीही सोबत चढते, तासाभरात मुंबई.

प्रश्न एकच, निघायचे कधी? अम्मी म्हणाली, “फजर झाली की निघू.” आम्ही हसलो. पण खालाजानना घ्यायला वडखळवरून पुढे पेणला जायचे आणि पुन्हा वडखळलाच मागे यायचे, हे आम्ही हिशेबात धरलेच नाही. पेणला चहा झाला, वडखळला ट्रकांची रांग लागली. मांडव्याला पोहोचलो तेव्हा बोट सुटायला पाच मिनिटे होती, पण गाड्या चढवणे बंद झाले होते. दवाखान्यातली वेळ हुकली, ऑपरेशन आठवडाभर पुढे गेले.

अम्मी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “तुमचे आजोबा हजला निघाले तेव्हा चार दिवस आधीच मुंबईच्या मुसाफिरखान्यात जाऊन राहिले होते. जहाज कुणासाठी थांबते का?” हजची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली, तो शहाणपणा मात्र अजून कामाचा आहे.

पुढच्या खेपेला बोट सुटण्याची नव्हे, गाड्या चढवण्याची वेळ धरली आणि वडखळसाठी एक तास राखून ठेवला. खालाजान एस.टी.ने वडखळ नाक्यावर आल्या. आम्ही फजरनंतर लगेच निघालो. मांडव्याला तासभर हाताशी होता. अम्मीने डबा उघडून सगळ्यांना भाकरी वाटली. ते थांबणे कुणालाच जड गेले नाही.