१०० मोठे की ७५?

संगणकाचा वेग मेगाहर्ट्झमध्ये मोजतात आणि आकडा मोठा तर वेग मोठा, असा समज १९९० नंतर घरोघरी पसरला. आपल्या वस्त्यांतही पसरला. पोराला संगणक शिकवायचा म्हणून सोसायटीचे कर्ज काढणारा कामगार दुकानात गेला की आधी आकडाच विचारी. त्यात त्याचा काय दोष? कॅबिनेटच्या दर्शनी भागावर तोच तर दिव्यांनी झळकत असे.

१९९६ साली आमच्या विहाराच्या अभ्यासिकेसाठी वर्गणीतून संगणक घ्यायचे ठरले. पाच-दहा रुपयांच्या पावत्या फाडून जमवलेले पैसे होते. पौर्णिमेच्या सभेत पैन् पैचा हिशेब द्यावा लागणार होता. दुकानदाराने दोन वापरलेली यंत्रे दाखवली. एकात ४८६ मालिकेतला डीएक्स-४ प्रोसेसर, १०० मेगाहर्ट्झचा. दुसऱ्यात पेंटियम, ७५ मेगाहर्ट्झचा. किंमत जवळपास सारखी. "साहेब, १०० मोठे की ७५?" दुकानदार हसत म्हणाला. त्याला ४८६ खपवायचा होता, हे उघड दिसत होते.

आम्ही वाणिज्य शाखेचे, पण विषय समजल्याशिवाय कागदावर सही करायची नाही ही कारकुनी सवय अंगात मुरलेली. मेगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला किती दशलक्ष ठोके पडतात ते. एका ठोक्यात काम किती उरकते, हे त्यात येत नाही. एक हमाल मिनिटाला १०० पावले टाकतो, पण पाठीवर पोते एकच. दुसरा ७५ पावले टाकतो आणि जमेल तेव्हा दोन पोती उचलतो. धक्क्यावर काम केलेल्या माणसाला यापुढे सांगायला नको. पेंटियम हा दुसरा हमाल. सूचना सोयीच्या आल्या तर एका ठोक्यात दोन उरकणारा. शिवाय मेमरीकडे जाणारा त्याचा रस्ता ६४ बिटांचा, ४८६ चा ३२ बिटांचा. तो १०० वाला आत १०० ने धावे, पण बाहेरच्या रस्त्यावर ३३ नेच. ७५ वाला तिथे ५० ने चाले. आणि डीएक्स-४ या नावातला ४ सुद्धा फसवा, कारण तो बाहेरचा वेग आत तिप्पट करी, चौपट नव्हे!

इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने तर १९९५ साली ४८६ च्याच घडणीचा १३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर काढला आणि त्याला स्वतःच 'पी-७५' ही श्रेणी दिली. म्हणजे आमचा १३३ हा पेंटियमच्या ७५ च्या तोडीचा. माल खपावा म्हणून केलेली जाहिरात, पण तिच्यातून खरे बाहेर पडले. एएमडीला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. तिने १९९१ साली ४० मेगाहर्ट्झचा ३८६ आणला, तेव्हा इंटेलचा ३८६ ३३ वरच थांबलेला होता. अशा चढाओढीमुळेच संगणक गरिबाच्या थोडाफार आवाक्यात आला.

आणि त्या झळकणाऱ्या आकड्याचे काय? वस्तीतल्या आयटीआय झालेल्या एका मुलाने दुरुस्तीला आलेले कॅबिनेट विहारात आणून उघडले. "काका, बोला, किती मेगाहर्ट्झ पाहिजे?" असे म्हणत त्याने मागच्या चिमुकल्या पिना इकडच्या तिकडे केल्या. ६६ चे ९९ झाले. तो आकडा काहीच मोजत नव्हता, बसवणारा माणूस लावील तो दिसे. बाया-बापड्या खो खो हसल्या, पण दोघा-तिघांचे चेहरे उतरले. त्यांच्या घरी तसलेच यंत्र होते.

सर्वात चीड आणणारी गोष्ट १९९१ ची. इंटेलने ४८६ एसएक्स नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. सुरुवातीच्या एसएक्समध्ये गणिताचा भाग आत होता, पण तो बंद करून ठेवलेला! गणित हवे असेल तर ४८७ नावाची वेगळी चिप घ्या म्हणाले. ती चिप म्हणजे वास्तविक पूर्ण ४८६ च. ती बसवली की पहिला प्रोसेसर गप्प बसे आणि सारे काम नवाच करी. अंगी क्षमता असताना ती दाबून ठेवायची आणि वर कमी दर्जाचा म्हणून शिक्का मारायचा, हा प्रकार आपल्या लोकांना काही नवा नाही.

आम्ही ७५ चा पेंटियम घेतला. घेण्यापूर्वी वर्गणीदारांची यादी दोन्ही यंत्रांवर अक्षरक्रमाने लावून घड्याळ धरले होते. ७५ वाला आधी मोकळा झाला. बुद्धांनी कालामांना हेच तर सांगितले होते, ऐकीव गोष्ट स्वतः पारखून घ्या.

पुढच्या वर्षी तोच दुकानदार १३३ चा पेंटियम टाकून देतो म्हणून आला. पण मुलांची अडचण वेगळीच होती. विंडोज ९५ ला ८ एमबी मेमरी अपुरी पडे, हार्ड डिस्क सारखी करकरत राही आणि पोरे हात बांधून बसत. समितीने प्रोसेसर तसाच ठेवून मेमरी १६ एमबी केली. पेंटियमला त्या पट्ट्या जोडीनेच लागतात, एक घालून भागत नाही, म्हणून दोन घेतल्या. प्रोसेसरपेक्षा खर्च कमी आला. उरलेल्या पैशात अभ्यासिकेला दोन ट्यूबलाइट आणि एक लांब बाकडे आले.