रोजरीनंतरची साल्वे

मरोळ गावठाणातल्या आमच्या घरात दिवेलागणीला आजी अल्तारापुढची वात लावायची आणि सगळ्यांना हाक मारायची. रोजरीची पाच दशकं संपली की शेवटी साल्वे. युरोपातल्या मठांत साधारण 11व्या शतकापासून म्हटली जाणारी मरियामातेची ही प्रार्थना. तिच्यात माणूस घरातून हद्दपार झालेला आहे, परमुलखात रडतो आहे, आणि हा वनवास संपल्यावर येशूचं दर्शन घडव म्हणून आईला विनवतो आहे. गुडघ्यांना रग लागलेली असायची, तरी तिथवर आलो की मला नवल वाटायचं. हद्दपारी कसली? दारापुढे विहीर, मागे भातखाचरं, भिंतीला भिंत लावून काकांची घरं. आम्ही तर घरातच होतो की!

आजीला मात्र त्या ओळींचं कधी नवल वाटलं नाही. तिच्या लेखी आम्ही कोंडिविट्याहून उठून आलेली माणसं. जेझुइट पाद्र्यांनी तिथे 1579 मध्ये बांधलेलं संत योहान बाप्तिस्ताचं चर्च 1840 मध्ये साथीच्या रोगामुळे ओस पडलं आणि माणसं मरोळला आली. आजीने ते काही पाहिलेलं नव्हतं, पण सांगायची अशी, जणू कालच गाठोडी बांधली. पुढे 1973 मध्ये त्या परिसरात सीप्झ हे कुंपणाआडचं निर्यात-उद्योग क्षेत्र उभं राहिलं. जुनं चर्च फाटकाच्या आत गेलं आणि आम्ही बाहेर राहिलो.

आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते. मी जाते. छप्पर नाही, भिंतींत झाडांची मुळं घुसलेली, अवतीभवती कारखाने. मिस्सा संपली तरी म्हाताऱ्या बाया लगेच निघत नाहीत. लुगड्याचा पदर सावरत भिंतीपाशी जातात, दगडाला हात लावतात आणि तोच हात कपाळाला लावतात.

वडील गेले तेव्हा साल्वे मला पहिल्यांदा कळली. खरं तर दफनाच्या दिवशी नाही, नंतर. मुंबईत कबरीची जागा कायमची मिळणं दुर्मीळ. काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्या कुणाला देतात. आम्ही उभे होतो. खणणाऱ्याने माती बाजूला केली आणि एकेक हाड हळुवार उचलून पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. मातीत रोजरी सापडली. धागा कुजलेला, पण वडिलांच्या बोटांत गुंफलेले ते प्लास्टिकचे निळे मणी जसेच्या तसे. मी ते वेचले. जन्मभर ज्या गावात राहिले, त्या गावात त्यांना निजायलाही जागा उरली नव्हती.

अशा वेळी लोक समजूत घालतात, की हे जग म्हणजे धर्मशाळा, आपलं खरं घर वर आहे, इथल्या मातीत जीव अडकवू नये. भल्या मनाने सांगतात, पण मला ते अर्धंच पटतं. स्वर्ग हे माझं घर आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात येशू निरोप घेताना पित्याच्या घराविषयी बोलतो. त्या शब्दांवर मी वडिलांना मातीत ठेवलं. पण बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, माणसांना पृथ्वीवरून उचलून नेऊन संपत नाही. 21व्या अध्यायात देवाची नगरीच स्वर्गातून खाली उतरते आणि देव माणसांत वस्तीला येतो. प्रेषितांच्या श्रद्धांगीकारात आम्ही देहाचं पुनरुत्थान म्हणतो, नुसत्या आत्म्याचं नाही. म्हणून तर त्या खणणाऱ्याने हाडं इतक्या जपून उचलली. ज्या देवाला देह टाकाऊ वाटत नाही, त्याला विहीर आणि खाचर टाकाऊ कसं वाटेल?

ऑक्टोबरात आमचा आगेरा असतो. नव्या भाताची कणसं वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात. मरोळची शेतं केव्हाच इमारतींखाली गेली, कणसं बाहेरून आणावी लागतात. पण आगेरा आम्ही सोडला नाही. गेल्या खेपेला मी त्यातली एक लोंबी वडिलांच्या कोनाड्यात ठेवली. हल्ली साल्वे झाली की मी माझ्याकडून एक मागणं जोडते: त्या नगरीत एखादं भातखाचर असू दे, आणि कापणीला आजी असू दे. इतकं मागायला आमच्या श्रद्धेची काही आडकाठी आहे असं मला वाटत नाही.