नैवाशाच्या बाभळीवर

केनिया देशांत नैरोबीच्या वायव्येस सुमारें ९० किलोमीटरांवर नैवाशा नांवाचें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. आमचा पुतण्या तेथील गुलाबांच्या मळ्यांत नोकरीस असल्यामुळें २०२२ सालीं पावसाच्या दिवसांत आम्ही सहकुटुंब त्याच्याकडे अडीच महिने राहिलों. सरोवराचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. आम्हांस सांगावयाची आहे ती अंगणांतील हकीकत.

पुतण्याच्या बिऱ्हाडीं १६ गिनी कोंबड्या मोकळ्या हिंडत. घरांत मांसान्न निषिद्ध, मग हें लटांबर कशास, असें आम्हीं विचारिलें. "काका, गवतांत गोचिड फार. ते ह्या वेंचतात, आणि साप दिसला कीं सारी आळी उठवितात," असें तो म्हणाला. करड्या अंगावर कण्या सांडल्यासारखे पांढरे ठिपके, मस्तक बोडकें व त्यावर हाडाचा तुरा, असें यांचें रूप. स्वाहिली भाषेंत यांस 'कांगा' म्हणतात. तिकडील स्त्रियांच्या वस्त्रासही हेंच नांव आहे. मादी दोन अक्षरांची हाक मारते, नरास एकच साधतें. जन्म व्याकरण शिकविण्यांत गेल्यामुळें हा भेद आमच्या कानास लौकर कळला!

दिवसभर हा कळप एकामागून एक दिंडीसारखा चाले. पंख असून उडण्याचा मोठा कंटाळा. परंतु दिवस कलला कीं सर्व मंडळी पिवळ्या सालीच्या त्याच एका बाभळीखालीं जमत. कांहीं वेळ कलकलाट होई. मग एक पक्षी फडफडत फांदी गांठी, मागून दुसरे, आणि जागेसाठीं ढकलाढकल चाले. लायकिपियांतील म्पाला येथें यांच्याच एका भाईबंद जातीचे चारशेंहून अधिक पक्षी अभ्यासून २०१९ सालीं शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, निरनिराळे कळप एकत्र मिसळले तरी प्रत्येक पक्षी पुन्हां आपल्याच कळपांत परततो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस यांत नवल वाटूं नये.

पुतण्याची आठ वर्षांची कन्या रोज सायंकाळीं मोजणी करी. एके दिवशीं ती रडवेली होऊन आली. "आजोबा, पंधराच!" शोध करितां एक मादी कुंपणाशीं उंच गवतांत अंड्यांवर बसलेली आढळली. तिला हात लावाल तर घरटें टाकून जाईल, असें माळ्यानें बजाविलें. अंडीं फुटावयास २६ ते २८ दिवस लागतात. तितक्या रात्रीं ती जमिनीवर एकटी, आणि रानमांजराचे ठसे तर ओट्यापर्यंत येत. रात्रीं पावसाची सर आली कीं मुलगी खिडकीशीं जाई, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही झोंप येत नसे.

अखेर मादी ११ पिलें घेऊन बाहेर पडली. परंतु ओलें गवत त्या पिलांस सोसत नाहीं, व आईची चाल तर नेहमींचीच! तिसऱ्या दिवशीं चारच उरलीं. आमच्या कुटुंबानें पाटी उपडी घालून त्यांस सकाळचें ऊन लागेपर्यंत कोंडून ठेवण्याचा क्रम धरिला. आई बाहेर येरझारा घाली व सर्वांस शिव्या देई.

निघण्याच्या आदल्या सायंकाळीं मादी बाभळीच्या सर्वांत खालच्या फांदीवर चढली. पिलें बुंध्याशीं कांहीं वेळ घोटाळलीं. मग एक उडालें, पडलें, पुन्हां उडालें. शेवटचें पोंचलें तेव्हां अंधार पडला होता, व मुलीनें विजेरी धरून मोजिलें, "वीस."