दुपारी परत येता येईल अशी खोली

14 डिसेंबर 2025, रविवार. मोहोपाडा

नाताळच्या सुट्टीत जुन्नरला जायचं नक्की झालं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि जमलं तर नाणेघाट. जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात शिवनेरी आहे. तेव्हापासून थोरलीनं तो धोशा लावलाय.

कुठं जायचं यावर घरात एका शब्दाचा वाद नाही. कुठं राहायचं यावर मात्र आजची अख्खी संध्याकाळ गेली. अण्णांचं म्हणणं ओझर. देवस्थानचं भक्तनिवास आहे, महाप्रसाद मिळतो, पहाटे उठून विघ्नहराचं दर्शन घेता येतं. एचओसी कंपनीत नोकरीला असताना ते आणि कॉलनीतले चार जण बायकामुलांसह अष्टविनायकाला गेले होते, होल्डॉल बांधून, मिळेल त्या धर्मशाळेत पथाऱ्या टाकून. ह्यांचं म्हणणं नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यावर हॉटेलं आहेत, गाडी आत लावता येते, रात्री उशिरा पोचलो तरी जेवण मिळतं. मुलांना माळशेजला तंबूत झोपायचंय.

आईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला कुठंही चालेल गं. मी गाडीत बसेन."

हे वाक्य मला आता सहन होत नाही. एकवीरेच्या पायऱ्यांशी त्या हेच म्हणाल्या होत्या. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर खाली उतरायच्या आधी हेच, प्रतापगडाखाली हेच. गुडघे दुखतात हे खरं, पण त्या अगदीच चढू शकत नाहीत असं नाही. घरी आमच्या दोन जिन्यांवर दिवसातून दहादा वरखाली करतात, मध्ये थांबून. सहलीत त्यांना थांबायला कुणी वेळच देत नाही. सकाळी नऊला खोली सोडायची, सामान डिकीत भरायचं आणि रात्री दुसऱ्या गावी उतरायचं. एवढ्या दिवसात पाठ टेकायला एकच जागा असते, ती म्हणजे गाडी.

16 डिसेंबर, मंगळवार

मुलं शाळेत गेल्यावर नकाशा घेऊन बसले. मुक्काम ठरवताना आपण दर बघतो, फोटो बघतो, नाश्ता आहे का बघतो. मी आज एकच प्रश्न धरला: सकाळचं ठिकाण बघून दुपारी खोलीवर परत येता येईल का? म्हातारं माणूस आणि लहान मूल या दोघांच्याही एका दिवसाचे दुपारच्या झोपेनं दोन होतात. मग संध्याकाळचं ठिकाणही त्यांच्या वाट्याला येतं.

या हिशेबात नारायणगाव बाद. तिथून शिवनेरीला जाऊन दुपारी परत आणि पुन्हा नाणेघाटासाठी जुन्नरवरूनच पश्चिमेला, म्हणजे एकाच रस्त्यावर हेलपाटे. ओझरही तसंच पूर्वेला. माळशेज दुसऱ्याच टोकाला. जुन्नर गावात मात्र शिवनेरी अगदी डोक्यावर आहे, लेण्याद्री पाचेक किलोमीटर, ओझर त्यापुढं, नाणेघाट तासाभराच्या अंतरावर. गाव साधंच. लॉजही साधे, फोटोत दाखवण्यासारखं काही नसलेले. पण तेच मधोमध.

आणि दोन्ही रात्री एकाच खोलीत. रोज बोचकी बांधायची नाहीत.

18 डिसेंबर, गुरुवार

दिवसभर फोन. फोटोंत पोहण्याचा तलाव दिसतो, झोपाळा दिसतो, संडास कुणी दाखवत नाही. माझे प्रश्न लिहूनच ठेवले होते. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? न्हाणीघरात उतरायला पायरी आहे का? गरम पाणी किती वाजता येतं? पहाटे सहाला चहा मिळेल का, की फाटकाला कुलूप असतं? एका ठिकाणच्या माणसानं "ताई, तुम्ही या तर खरं" एवढंच उत्तर सगळ्यांना दिलं. तो नंबर मी खोडला.

मुलांसाठी एका कृषी पर्यटन केंद्रालाही फोन केला. चूल, बैलगाडी, शेततळं, मलाही मोह झाला. तिथल्या बाईंनी आपणहून सांगितलं की तिन्ही बाजूंनी ऊस आहे, अंधार पडल्यावर मुलांना अंगणात एकटं सोडायचं नाही. जुन्नर भागात बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. त्या बाईंच्या खरेपणाबद्दल मला फार आदर वाटला. दार बंद करून आत बसता येईल अशी मोठी मुलं असती तर मी तिथंच गेले असते. आमचा धाकटा पाच वर्षांचा आहे आणि दाराबाहेर धावतो.

तारखाही ठरल्या. नाताळ गुरुवारी, म्हणजे शुक्रवारची रजा टाकून लोक रविवारपर्यंत बाहेर राहणार. एक्स्प्रेस वेवर खोपोलीच्या घाटात गाड्या मुंगीच्या पावलानं चालणार. आपण रविवारी सगळे परतत असताना निघायचं, मंगळवारी घरी यायचं. अण्णांनी पंचांग काढून दुसरा मुद्दा पक्का केला: 6 जानेवारीला अंगारकी आहे, तेव्हा ओझरला पाय ठेवायला जागा नसेल, त्याच्या आत उरकलेलं बरं.

जुन्नरच्या एका लॉजमध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एकमेकींना लागून. मालकांनी सांगितलं, सहाला चहा मी स्वतः देतो.

28 डिसेंबर, रविवार. जुन्नर

दांडफाट्यावरून चौक, कर्जत, मुरबाड, टोकावडे आणि माळशेज चढून वर. चौकाजवळ इर्शाळगड दिसला की आमच्या गाडीत आजही बोलणं थांबतं. 19 जुलै 2023 च्या रात्री त्याच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे सोयरे त्या वाडीतले. माळशेजलाही पावसाळ्यात दरडी येतात. धबधब्यांचे फोटो कितीही सुंदर असोत, मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन कड्याखाली रात्र काढायची असेल तर ती हिवाळ्यातच.

जुन्नरला मासवडी आणि बाजरीची भाकरी. आई दोन तास झोपल्या.

29 डिसेंबर, सोमवार

मालकांनी शब्द पाळला. सहाला चहा, पावणेसातला गाडी गडाच्या पायथ्याशी. इतक्या सकाळी शिवनेरीवर गर्दी नाही, ऊन नाही, मागून कुणी रेटत नाही. गडाला सात दरवाजे आहेत. आईंनी स्वतःच नियम केला की दर दरवाजाला बसायचं. हत्ती दरवाजाशी पाणी प्यायल्या, शिवाई देवीला ओटी भरली आणि पुन्हा चालू लागल्या. "गाडीत बसते" हे वाक्य आज निघालंच नाही. धाकटा त्यांच्या बरोबरीनं बसत होता, त्यालाही तेवढ्याच विश्रांतीची गरज होती.

जन्मस्थानाच्या इमारतीत पाळणा आहे. 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख थोरलीनं तिथं उभं राहून मोठ्यानं म्हटली. आई पाळण्यासमोर बराच वेळ थांबल्या. निजामशाहीत बेबनाव, शहाजीराजे मोहिमांवर, चहूकडे धामधूम; अशात दिवस गेलेल्या जिजाऊंना ठेवायला त्यांनी हा गड निवडला. ताशीव कडे, एकच नीट वाट, गंगा-जमुना टाक्यांत बारा महिने पाणी, धान्याला अंबरखाना आणि किल्लेदाराशी भोसल्यांची सोयरीक. आई म्हणाल्या, "पोटुशी बाई कुठं सुखरूप राहील याचा विचार केला बघ त्यांनी." मी गडांचा इतिहास बराच वाचलाय, पण तो असा कधी पाहिला नव्हता. घरातली सगळ्यांत नाजूक व्यक्ती कोण हे आधी बघायचं आणि तिच्यासाठी जागा शोधायची.

साडेदहाला खाली, अकराला खोलीवर. जेवण, झोप. ऊन उतरायला लागलं तसे नाणेघाटाकडे निघालो.

घाटघरच्या पुढं गाडी थेट पठारावर जाते. काठावर उभं राहिलं की खाली कोकण उघडं पडतं. वैशाखरे दिसतं, काल ज्या रस्त्यानं आलो तो रस्ता दिसतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच नाळेतून बैलांवर लादून जुन्नरला आणि पुढं पैठणला जायचा. वर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. आई आणि अण्णा रांजणापाशी बसले, आम्ही मुलांना घेऊन नाळेतल्या लेण्यापर्यंत उतरलो.

ते लेणं मला सगळ्यांत आवडलं. भिंतींवर ब्राह्मीत नागनिकेचा लेख, यज्ञांत दिलेल्या गाईंची, घोड्यांची, नाण्यांची मोजदाद. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वरची नावं आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. आणि भिंतीच्या कडेनं फिरलेला दगडी ओटा, बाहेर पाण्याची टाकी. खालून चढून दमलेल्या माणसानं आत यावं, पाणी प्यावं, ओट्यावर आडवं व्हावं. घाट संपता संपता, पाय भरून येतात नेमक्या त्याच ठिकाणी ही सोय आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ही वाट स्वतः चालून हे ठरवलं असणार. नुसता नकाशा बघून ही जागा सापडत नाही.

अंधाराच्या आत जुन्नर गाठलं. वाटेत दोन्हीकडे ऊस.

30 डिसेंबर, मंगळवार. रात्री, घरी

लेण्याद्रीला सातच्या सुमाराला पायऱ्या चढायला सुरुवात केली. तीनशेच्या आसपास पायऱ्या, माकडं पुष्कळ. डोलीवाले विचारत होते. आईंनी जाताना नको म्हटलं, येताना "गुडघे उतारालाच दुखतात" म्हणून डोली घेतली, हसत हसत उतरल्या. डोलीवाल्याशी त्यांच्या गावच्या, पाण्याच्या, मुलांच्या शिक्षणाच्या गप्पा झाल्या.

गिरिजात्मज बसलाय ते सातवं लेणं म्हणजे मुळात बौद्ध विहार. एवढा मोठा मंडप आणि आत एकही खांब नाही, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, त्या वर्षावासासाठी ही घरं खोदली. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह आहे, ते कोरवून देणारा सुलसदत्त कल्याणचा, असं तिथल्या लेखात आहे. आमच्याच रस्त्यानं वर आलेला माणूस! थोरली एका खोलीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ही आपल्या लॉजच्या खोलीपेक्षा लहान आहे."

नऊला खोलीवर परत, आंघोळी, नाश्ता, मग सामान भरलं. ओझरला मंगळवारची गर्दी होती, पण रांग सावलीतून. अण्णांनी महाप्रसाद घेतलाच, भक्तनिवासात डोकावून आले आणि समाधानानं सांगितलं की अजून स्वच्छ आहे. नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसल्या. एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाची, अशा एकूण तीस. मुलांना त्या बघून शिवनेरीइतकाच आनंद झाला. तिथं आत जाऊन बघायचं तर वेगळा दिवस काढायला हवा आणि तेव्हा ह्यांचं नारायणगाव बरोबर ठरेल.

चाकण, तळेगाव, घाट. खालापूरला उतरून सावरोलीच्या रस्त्यानं घरी. नऊ वाजले.

2 जानेवारी 2026, शुक्रवार

वन्संचा फोन. त्या अंगारकीला ओझरला जाणार, आपल्या सासूबाईंना घेऊन. भक्तनिवास मिळत नाही म्हणून नारायणगावला मोठ्या हॉटेलात खोली बघतायत. मी विचारलं, सासूबाईंना रांगेत किती वेळ उभं राहता येतं? म्हणाल्या, अर्धा तास कसाबसा. मग अंगारकीला नेऊच नका, आठवडाभरानं साध्या बुधवारी जा, म्हटलं. ओझरलाच राहा, देवळापासून चालत जाता येईल अशा खोलीत. पहाटे दर्शन, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा दर्शन. वन्सं म्हणाल्या, नवस अंगारकीचा आहे. मी आईंच्या हातात फोन दिला. आई लेकीला सांगत होत्या, "देवाला चालतं गं, तू आधी त्यांना विचार, त्यांच्या अंगात किती बळ आहे ते. आणि संडास कमोडचा आहे का ते फोनवर विचार, लाजू नकोस."

प्रश्नांचा कागद मी वन्संना व्हॉट्सअॅपवर पाठवला.