वाड्यातील सागवान

लातूरच्या गंजगोलाईजवळील जुना वाडा उतरविण्याचे ठरले, तेव्हा लाकडाचा व्यापारी प्रथम माळवद पाहावयास आला. तुळईवर बोटे वाजवून तो म्हणाला, "काकाजी, हा किनवटचा साग. असा माल आता मिळत नाही." डाळीच्या व्यापारात आयुष्य घालविलेल्या काकाजींनी भाव ऐकून घेतला. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात 'वनकर्म' हा शब्द आला आणि ते क्षणभर अडखळले.

श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म येते. वनाला आग लावणे, म्हणजे दवाग्निदापन, हेही त्यांतच. पेढीवर तूर आणि हरभरा, तेव्हा हे आपणांस लागू नाही, असे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. छताकडे कोणी पाहिले नव्हते.

लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र शेकडा एकही नाही. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एक-तृतीयांश आणि डोंगराळ प्रदेशाचा दोन-तृतीयांश भाग वृक्षाच्छादित असावा, असे ध्येय ठेवले. बालाघाटाच्या उघड्या माथ्यांवरून ते दुसऱ्याच देशाचे वाटते. मांजरा नदी याच बालाघाटात उगम पावते. एप्रिल 2016 मध्ये तिच्यावरील धरण कोरडे पडले आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील मिरजेहून रेल्वेने पाणी आले; पहिल्या खेपेस पाच लाख लिटर. दोष पावसाचा होता, उसाचाही होता. परंतु पाऊस येतो तेव्हाही उघडा डोंगर पाणी धरीत नाही. माती मात्र धरणात आणून सोडतो.

काकाजी नातवाला घेऊन किनवटला गेले. 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेला हा तालुका. नांदेडचे सागवान मुख्यत्वे या किनवट-माहूरच्या डोंगरांत आहे, आणि पैनगंगेच्या काठी अभयारण्य आहे. तेथे त्यांना कळले, की साग तोडला म्हणजे संपत नाही. खुंटाला धुमारे फुटतात. त्यांतील एक जोमदार राखून बाकीचे छाटले, गुरे आणि वणवा दूर ठेविला, तर पुन्हा झाड उभे राहते. म्हणूनच वनखाते कार्य-आयोजनेत कोणत्या कूपात केव्हा तोड करावयाची हे आधी ठरविते. वणवा मात्र आयोजनेत बसत नाही. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून उन्हाळ्यात पाचोळा पेटविला जातो आणि त्यात सागाची रोपेही जळतात.

पाने तोडणाऱ्या एका वृद्ध बाईंना नातवाने विचारले. त्या म्हणाल्या, "आग आम्हीच लावतो म्हणतात, बाबा. पण कोवळं पान लागतं कुणाला?"

काकाजी उगी राहिले. विडीशी त्यांचा संबंध नव्हता; प्रश्न मात्र व्यापाऱ्याला होता.

2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने 2011 मध्ये आपल्या वनातील बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. ज्याला पुढील वर्षीही तेच वन हवे आहे, तो घाईने तोडीत नाही. पेढी चालविणाऱ्याला हे निराळे समजवावे लागत नाही. भांडवल खाऊन कोणती पेढी टिकली आहे?

लातूरला परतल्यावर लाकडाच्या व्यापाऱ्यास नकार गेला. तुळया चिरून नव्या घराच्या चौकटी आणि दारे करावयाचे ठरले. सुतार कुरकुरला, "काकाजी, नवीन लाकूड स्वस्त पडेल. जुन्यात खिळे निघतात, करवतीची पाती जातात."

काकाजींनी पात्यांचे पैसे निराळे लावावयास सांगितले.